शेंगेएवढा हात

माझी सही तुम्ही पाहिली नसेल.
पारबता दोनाडकर.
ब च्या पोटातली तिरपी रेघ घाईत राहून जाते,
मग मी पारवता होते
आणि बँकेतला बाबू कागद परत सरकवतो :
ताई, हे तुमीच का?
मीच, बाप्पा. उभी तर आहो तुझ्यापुढं.

सरपंच झाले तेव्हा आणखी एक सही मिळाली.
वालाच्या शेंगेएवढी, काळी,
टोपण काढलं की पत्र्याची जीभ.
कॉम्प्युटरच्या तोंडात घातली
की मोहटोल्याच्या पैशाला पाय फुटतात.
ती कापत नाही. रेघ विसरत नाही.
तिला शाई लागत नाही, चष्मा लागत नाही,
आणि, हे मला कोणी सांगितलं नाही,
मीही लागत नाही.

निलकंठ म्हणाला, काकू, हे हरवते-बिरवते,
राहू द्या माझ्याच ड्रावरात.
निलकंठ आमचा ऑपरेटर. पोरगा चांगला.
आठ महिने मानधन नव्हतं तरी
रविवारी कुलूप उघडून दाखले काढून द्यायचा.
पिन त्यानंच घातला, एक ते आठ, ओळीनं,
पहिलीतल्या उजळणीसारखा,
आणि चिठ्ठी चिकटवली पडद्याच्या खाली.

माझ्या आईचा अंगठा होता.
जांभळी शाई ती केसांना पुसायची.
तिलाही फसवलं, नाही असं नाही,
कोऱ्या कागदावर घेतला एकदा.
पण फसवणाऱ्याला आईला तिथवर न्यावं लागलं,
सायकलवर बसवून, वाटेत चहा पाजून.
अंगठा ड्रावरात ठेवायची सोय नव्हती.

ऑडिटच्या बाईंनी कागद माझ्याकडं फिरवला.
चौदा सौरदिवे. बसवले, पाहिले, पैसे द्यावेत.
खाली माझं नाव इंग्रजीत,
शेजारी बरोबरची हिरवी खूण.
सव्वीस जुलै, दुपारी दोन वाजून सतरा मिनिटं,
सेकंदसुद्धा लिहिले होते.

सव्वीस जुलैला दोन सतराला
मी खालच्या बांधीत रोवण्यावर होते.
हातात पऱ्ह्यांची पेंढी, नखांत चिखल,
तेरा बाया साक्षीला.

ही सही खोटी आहे, मी म्हटलं.
नाही, बाई म्हणाल्या, सही खरीच आहे.
खोट्या सहीला ही खूण येत नाही.
त्यांच्या आवाजात राग नव्हता,
म्हणूनच मला घाम फुटला.

त्या रात्री दिवे मोजत गाव फिरले.
बोडीच्या पाळीपर्यंत गेले.
तीन सापडले.
त्यातला एक माझ्याच दारापुढं.
तो लागला तेव्हा मी खूश झाले होते.

निलकंठ कीबोर्डकडं पाहत होता.
ठेकेदार बसून होता, काकू, घाई करत होता.
मी म्हटलं, तुमाले कायले चिखलातून उठवू.

लाखांदूरला जाऊन जुनी रद्द केली.
फॉर्मवर कारण लिहायचं होतं :
हरवली. चोरी झाली. धारक मयत.
तिन्हींपुढं चौकोन.
‘आपल्या हातानं दिली’ असा चौकोन नव्हता.
पेन बराच वेळ हवेत राहिलं,
मागची रांग खोकू लागली.

आता नवीन शेंग माझ्या कमरेच्या बटव्यात,
सुपारीच्या खांडांत.
बिल आलं की सगळं वाचते, बोट ठेवून,
ठेकेदार बाहेर गाडीचा हॉर्न वाजवतो. वाजवू दे.
निलकंठला म्हणते, भिंतीकडं तोंड कर.
तो करतो. कान लाल होतात त्याचे.
मग आठ आकडे, एका बोटानं.
त्यात कोणाची जन्मतारीख नाही.

काल एक आकडा चुकला.
पडदा लाल झाला, परत विचारू लागला.
मला बरं वाटलं.
इतक्या दिवसांनी कोणीतरी विचारलं होतं,
हे तुमीच का.